प्रतिकारशक्ती खचलेल्या पेशंटला नव्याने डोकेदुखी आणि फिट: निदानापर्यंत कसं पोचायचं

वाशीच्या मसाला मार्केटमधला एक माथाडी, वय चाळिशीच्या आतलं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). तीन आठवडे डोकं दुखत होतं. पहिल्या आठवड्यात मेडिकलमधून आणलेली गोळी झाली, दुसऱ्यात चष्म्याचा नंबर तपासून झाला, तिसऱ्यात कुणीतरी सायनस म्हणून एक्स-रे काढला आणि अँटिबायोटिक दिलं. चौथ्या सोमवारी पहाटे फिट आली. बायकोने दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला, शेजाऱ्याने नाकाला कांदा लावला आणि रिक्षात घालून आणलं.

सोबत तीन केसपेपर होते. एकावरही वजन लिहिलेलं नव्हतं. पोट तपासायला पट्टा सोडवला तर त्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं दिसली. शेवटच्या भोकाच्या कडा अजून पांढऱ्या होत्या, म्हणजे ते ताजं. बायकोला विचारलं, "ताई, हे कधीपासून?" ती म्हणाली, "गणपतीपासून उतरलेत डॉक्टर, पण हमालीचं काम, उन्हातान्हाचं, वाटलं तेवढं चालायचंच." त्या दिवशी एचआयव्हीची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे सीडी-फोर (रक्तातल्या टी-पेशी या रक्षक पेशींची मोजणी) ४१, म्हणजे फारच कमी निघाला.

ठाणे-नवी मुंबईतले फॅमिली डॉक्टर आणि कॅज्युअल्टीत रात्र काढणारे नवे रेसिडेंट यांच्यासाठी हे लिहितोय. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही. पुस्तकातली कारणांची यादी दोन पानांची असते आणि पहाटे तीन वाजता तिचा काही उपयोग होत नाही. मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. त्याचं सूत्र असं: मेंदूत काय झालंय हे विचारण्याआधी प्रतिकारशक्तीची कुठली भिंत पडली आहे आणि कधीपासून, ते विचारायचं. यादी तिथेच निम्मी होते.

फिट चालू असेल तर आधी ती

पेशंटला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. कांदा आणि चप्पल हुंगवायची सवय आपल्याकडे जायला वेळ लागेल. त्याने फारसं बिघडत नाही, चमच्याने मात्र दात तुटतात. फिट ५ मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर ती स्टेटस, म्हणजे आपोआप न थांबणारी फिट, समजून चालायचं. शीर मिळाली तर लोराझेपाम ४ मिलिग्रॅम सावकाश. नाही मिळाली तर ४० किलोच्या वरच्या माणसाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. लोराझेपामला फ्रीज लागतो, मिडाझोलामला लागत नाही. छोट्या क्लिनिकमध्ये म्हणून मिडाझोलाम, शक्यतो नाकात मारायचा स्प्रे, ठेवावा. संध्याकाळी साडेसातला घोडबंदर रोडवर अँब्युलन्सला किती वेळ लागतो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

बोटाला टोचून साखर तपासल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. साखर कमी निघाली तर ग्लुकोज द्या आणि कुपोषित किंवा दारू पिणाऱ्या पेशंटला त्याआधी थायमिन. फिट थांबल्यावर लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध: स्टेटसमध्ये ६० मिलिग्रॅम प्रति किलो, जास्तीत जास्त ४५०० मिलिग्रॅम. नेहमीचं फेनिटॉइन का नको, ते पुढे येईल.

कुठली भिंत पडली आहे?

'प्रतिकारशक्ती कमी' हा शब्द फार ढोबळ आहे. एचआयव्हीवाल्याची प्रतिकारशक्ती वेगळ्या जागी फाटलेली असते, केमो चालू असलेल्याची वेगळ्या.

टी-पेशींची भिंत पडते ती एचआयव्हीत, अवयवरोपणानंतरच्या औषधांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने. इथून आत शिरतात टीबी, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, नोकार्डिया आणि लिस्टेरिया हे जिवाणू, जेसी व्हायरस आणि एपस्टीन-बार व्हायरसच्या जोरावर वाढणारा मेंदूचा लिम्फोमा (एक कर्करोग). एचआयव्हीत सीडी-फोर हाच जिना आहे. टीबी कुठल्याही पायरीवर होतो. २०० च्या खाली जेसी व्हायरसचा पीएमएल (मेंदूचा पांढरा भाग झिजवणारा आजार) धरायला लागतो, १०० च्या खाली टॉक्सो आणि क्रिप्टो, ५० च्या खाली लिम्फोमा आणि सायटोमेगॅलो व्हायरस. सीडी-फोरचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर साध्या सीबीसीतला लिम्फोसाइटचा आकडा बघा, तोंडात पांढरा थर बघा आणि अंगावर नागीण येऊन गेल्याचा डाग बघा. चाळिशीच्या आत नागीण झालेल्या माणसाला एचआयव्हीची तपासणी सुचवायला संकोच करू नये.

न्यूट्रोफिल या जिवाणू-बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची भिंत पडते केमोने. खारघरच्या टाटा-ॲक्ट्रेकमध्ये ल्युकेमियाचे उपचार घेणारा मुलगा ऐरोलीला घरी आला आणि त्याला डोकेदुखी सुरू झाली, तर माझ्या डोक्यात ॲस्परजिलस ही बुरशी, जिवाणू आणि मेंदूतला रक्तस्राव येतो. त्याच्या कागदांवर एल-ॲस्पॅराजिनेज हे केमोचं औषध दिसलं तर मेंदूच्या शिरेतली गुठळी आधी येते. प्लीहा काढलेला, मायलोमा किंवा सीएलएल (दोन्ही रक्ताचे कर्करोग) असलेला पेशंट म्हणजे न्यूमोकॉकस हा जिवाणू.

मधुमेहाचा स्वतंत्र विचार करा. साखर ४०० च्या घरात, त्यात स्टेरॉइड, आणि एका बाजूचं कपाळ-गाल-डोळा दुखतोय: हा म्युकर (काळी बुरशी) आहे असं समजून नाकात टॉर्च मारा. २०२१ साली हे शिकवायची गरज उरली नव्हती. आता पुन्हा विसरायला लागलोय.

आणि मग औषधं. संधिवाताला अडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब चालू असेल तर टीबी. रिटुक्सिमॅब असेल तर पीएमएल. 'कुठली औषधं चालू आहेत' याला उत्तर येतं 'काही नाही'. मी म्हणून वेगळं विचारतो: "गुडघ्यासाठी, दम्यासाठी, वजन वाढायला कुणाकडून पुडी आणता का?" बिनलेबलच्या त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता बरीच असते. गोल झालेला चेहरा, हातावर कशानेही उमटणारे निळे डाग, मांड्यांवर जांभळे वळ हे पुडीने मागे ठेवलेले पुरावे.

डोकेदुखीचा इतिहास: किती दिवस आणि कशी चढत गेली

तासांत आली असेल तर जिवाणूंचा मेनिंजायटिस (मेंदूच्या पडद्यांचा संसर्ग), रक्तस्राव किंवा शिरेतली गुठळी. दोन-तीन दिवसांत ताप, बडबड आणि फिट असेल तर हर्पिस व्हायरसचा एन्सेफलायटिस (खुद्द मेंदूला आलेली सूज). दोन ते चार आठवडे रोज थोडी वाढत गेली असेल तर टीबी आणि क्रिप्टो. महिन्यांवर गेली आणि हळूहळू एक बाजू ढिली पडली तर पीएमएल किंवा लिम्फोमा. ही वाटणी ढोबळ आहे. स्टेरॉइडवरच्या पेशंटला ताप येतोच असं नाही, आणि मान ताठ नसली म्हणून मेनिंजायटिस नाही असंही नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीराला आरडाओरड करायची ताकद नसते.

घरच्यांना विचारायचे दोन प्रश्न मला फार उपयोगी पडतात. पहिला: सकाळी उठताना जास्त दुखतं का, आणि उलटी मळमळ न होता एकदम येते का? दुसरा: माणूस बदललाय का? चावी विसरतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो, कारण नसताना चिडतो? माथाड्याची बायको म्हणाली होती, "गोणी मोजताना चुकायला लागले म्हणून मुकादमाने दोनदा बोलणी दिली." ही क्लिनिकमध्ये आलेल्या कुठल्याही स्कोअरपेक्षा चांगली माहिती.

फिट कशी आली तेही नीट विचारा. आधी उजवा हात थरथरला आणि मग सगळं अंग, असं असेल तर मेंदूत डाव्या बाजूला गाठ किंवा सूज शोधायची आहे.

अंगभर नजर: उत्तर बहुतेकदा मेंदूबाहेर सापडतं

मेंदूचा तुकडा काढणं अवघड. मानेतली गाठ, त्वचेवरचा फोड, फुप्फुसातला डाग सोपा. तपासणीत मी म्हणूनच मेंदूपेक्षा बाकी अंगावर जास्त वेळ घालवतो. चेहऱ्यावर मध्ये खड्डा असलेले छोटे फोड क्रिप्टोचे असू शकतात. ते मोलस्कमसारखे दिसतात आणि सहज सुटतात. छातीत डाग, त्वचेखाली गळू आणि मेंदूत गळू हे तिन्ही एकत्र म्हणजे नोकार्डिया. नाकाच्या आत काळी खपली म्हणजे म्युकर, आणि तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही.

फंडस, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, बघा. डोळ्याच्या नसेच्या टोकाची सूज म्हणजे पॅपिलीडिमा, टीबीचे पिवळट ठिपके, सायटोमेगॅलोचा रक्तमिश्रित पडदा, सगळं एका भिंगात. ऑफथॅल्मोस्कोपचा सेल संपलेला असणं हा आपल्या वॉर्डांचा सार्वत्रिक रोग आहे. डोळे बाहेरच्या बाजूला वळत नसतील, एकाचे दोन दिसत असतील, तर मेंदूतला दाब वाढलेला असू शकतो.

ब्लडप्रेशर लिहायला विसरू नका. किडनी बसवलेली, टॅक्रोलिमस (रोपणानंतरचं औषध) चालू असलेली एक बाई आली होती: डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे धुकं, मग फिट. प्रेशर १८०/११०. सगळे संसर्ग शोधत होते आणि उत्तर होतं प्रेस, म्हणजे वाढलेलं प्रेशर आणि टॅक्रोलिमस यांनी मेंदूच्या मागच्या भागाला आलेली सूज. टॅक्रोलिमसची पातळी आणि मॅग्नेशियम पाठवलं, प्रेशर सावकाश खाली आणलं, तिच्या किडनीच्या डॉक्टरांनी औषध बदललं. चार दिवसांत ती घरी.

पहिल्या तासातलं रक्त

साखर, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, लिव्हर, सीबीसी, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). दोन ब्लड कल्चर, अँटिबायोटिकच्या आधी. एचआयव्ही तपासणी, संमती घेऊन. पेशंट शुद्धीत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीची. आणि सीरम क्रिप्टोकॉकल अँटिजेन. या शेवटच्या तपासणीसाठी मी हट्ट धरतो. पट्टीवरची टेस्ट आहे, दहा मिनिटांत रेघ दिसते. सीडी-फोर १०० च्या खाली असेल तर लक्षणं नसली तरी ती करावी आणि २०० पर्यंतही विचार करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग लक्षणं असताना ती न करण्याला काय कारण?

औषधांनी येणारी फिटही इथेच तपासा: किडनी बिघडलेली असताना नेहमीच्या डोसात दिलेलं सेफेपीम किंवा इमिपेनेम, आणि आयसोनियाझिड चालू असून बी-सिक्स न घेणारा पेशंट.

छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी स्वस्त आहेत. पोटातल्या गाठी टीबीचं दार उघडतात. एचआयव्हीत सीडी-फोर कमी असेल तर लघवीतली लॅम टेस्ट टीबीसाठी उपयोगी.

सीटी की एमआरआय, आणि चिठ्ठीवर काय लिहायचं

नवी फिट आणि खचलेली प्रतिकारशक्ती या दोनपैकी एक असली तरी पाठीतलं पाणी काढण्याआधी डोक्याचा स्कॅन करायचा. इथे दोन्ही आहेत. रात्री सीटी मिळतो तर सीटी करा, सकाळची वाट बघू नका. पण सीटी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' लिहू नका. कॉन्ट्रास्टसह, डिफ्यूजनसह, रक्तस्रावाची सिक्वेन्स आणि शिरांचा व्हेनोग्राम असं लिहा आणि खाली एक ओळ: 'एचआयव्ही, सीडी-फोर ४१, तीन आठवडे डोकेदुखी' किंवा 'किडनी ट्रान्सप्लांट, टॅक्रोलिमस'. रेडिओलॉजिस्टला ही ओळ दिली की रिपोर्ट वेगळाच येतो. किडनी बिघडलेली असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल त्यांच्याशी फोनवर बोला.

स्कॅनमध्ये कड्यासारखी गाठ दिसली की आपल्या मनात टीबी येतो, आणि आपल्या देशात ते साहजिक आहे. तरीही एक-एक करून बघा. मेंदूच्या खोल गाठोड्यात, म्हणजे बेसल गँग्लियात, आणि बाहेरच्या-आतल्या थराच्या सीमेवर अनेक कडी असतील तर टॉक्सो. कड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेला एक ठिपका दिसला तर जास्तच. टी-टू वर मध्यभाग काळा आणि स्पेक्ट्रोस्कोपीत लिपिडचा उंच सुळका असेल तर टीबीची गाठ. डिफ्यूजनमध्ये मधला पू पांढरा चमकला तर जिवाणूंचं गळू. ४ सेंटिमीटरच्या वरची एकटी गाठ, व्हेंट्रिकलला चिकटलेली किंवा कॉर्पस कॅलोसम ओलांडणारी, म्हणजे लिम्फोमा. पांढऱ्या भागातले वेडेवाकडे डाग, ज्यांना सूज नाही, जे कॉन्ट्रास्ट पीत नाहीत आणि कुणाला ढकलत नाहीत: पीएमएल. तळाशी चमकणारे पडदे आणि फुगलेली व्हेंट्रिकल: टीबीचा मेनिंजायटिस. आणि कड्यात टिंबासारखं डोकं दिसलं तर तो साधा सिस्टिसर्कस, जो प्रतिकारशक्ती धडधाकट असलेल्यालाही होतो, आणि शाकाहाऱ्यालाही, कारण अंडी भाजीवरून आणि न धुतलेल्या हातांवरून येतात.

यातलं काहीही पक्कं नसतं. नवी मुंबईतल्या एका चांगल्या सेंटरवरून 'ट्यूबरक्युलोमा' असा रिपोर्ट आलेली गाठ टॉक्सोच्या औषधांनी दोन आठवड्यांत निम्मी झालेली मी पाहिली आहे.

पाठीतलं पाणी: इथे घाई नको आणि टाळाटाळही नको

स्कॅनमध्ये मोठी गाठ किंवा मेंदू ढकलला गेल्याची खूण नसेल, प्लेटलेट ४०-५० हजारांच्या वर असतील आणि आयएनआर ठीक असेल तर सुई घालायची. नातेवाइकांचा विरोध ठरलेला. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, आमच्या गावच्या एकाचं झालं." मी कागदावर मणका काढून दाखवतो: मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्याशी संपतो, सुई त्याच्या खाली जाते, जिथे फक्त पाण्यात तरंगणारे धागे आहेत. आणि हेही सांगतो की गावचा तो माणूस लुळा पडला तो ज्या आजारासाठी सुई घातली त्या आजाराने.

पेशंट कुशीवर, पाय थोडे सैल केलेले. सुई आत गेल्यावर पहिलं काम दाब मोजण्याचं. 'मॅनोमीटर नाही' ही सबब मी ऐकत नाही. निर्जंतुक एक्स्टेंशन ट्यूब सुईला जोडा, उभी धरा, पाणी चढून थांबलं की सुईच्या पातळीपासून टेपने मोजा. शिंप्याचा टेप चालतो, फक्त सहाय्यकाने धरायचा. माथाड्याचं पाणी ट्यूबमध्ये चढत गेलं, चढत गेलं, आणि ३६ सेंटिमीटरवर थांबलं. २० पर्यंत निश्चिंत, २५ आणि वर म्हणजे उतरवायलाच हवा. पाणी स्वच्छ होतं. २० मिली काढल्यावर तो शुद्धीत नसतानाही त्याची कपाळावरची आठी सैल झाली. हे मी कल्पनेने म्हणत नाही, सिस्टरनेही पाहिलं.

किती पाणी पाठवायचं? मोठ्या माणसाचं १२ ते १५ मिली घ्यायला कचरू नका. टीबीच्या एक्सपर्ट अल्ट्रा (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला किमान ६ मिली लागतं. चार थेंब पाठवून 'निगेटिव्ह' वाचण्यात अर्थ नाही. पेशी, प्रोटीन, साखर, आणि त्याच वेळची रक्तातली साखर. ग्राम, कल्चर, इंडिया इंक (क्रिप्टो दाखवणारी शाई), क्रिप्टो अँटिजेन. ताप-गोंधळ असेल तर हर्पिसची पीसीआर. स्कॅनमध्ये लिम्फोमासारखं असेल तर सायटॉलॉजी आणि एपस्टीन-बारची पीसीआर. पांढरे डाग असतील तर जेसी व्हायरस. उरलेलं २ मिली फ्रीजमध्ये ठेवा, सगळ्या शंका आजच सुचतील असं नाही.

आता माझी चूक. रेसिडेंट असताना एका रुग्णालयात एचआयव्हीच्या पेशंटचं पाणी मी तपासलं होतं. पेशी ३, प्रोटीन किंचित वर, साखर ठीक. मी केसपेपरवर 'सीएसएफ नॉर्मल' (सीएसएफ म्हणजे हेच पाणी) लिहिलं आणि अर्धशिशीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दाब मोजला नव्हता, इंडिया इंक सांगितली नव्हती. नऊ दिवसांनी तो परत आला तो भिंत चाचपडत. दाबाने नजर गेली होती, ती आली नाही. क्रिप्टोकॉकसमध्ये, विशेषतः एचआयव्हीत, पाण्यात पेशी नसणं हा दिलासा नसतो. उलट लढायला कुणी उरलं नाही याची ती खूण असते.

इंडिया इंक स्वतः बघायला शिका. पाणी सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला थेंब आणि शाईचा थेंब काचेवर एकत्र करा, वर कव्हरस्लिप ठेवा. भिंगाखाली सगळं काळं, आणि त्या काळ्यात गोल पेशी, भोवती स्वच्छ पांढरं वलय, काहींना लहान कळी फुटलेली. हवेचा बुडबुडाही फसवतो, पण त्याची कड जाड आणि चकचकीत असते, आत काही नसतं. शाईत दिसलं नाही तरी अँटिजेन बघेपर्यंत क्रिप्टो सोडू नका, अँटिजेन जास्त पकडतो.

टीबीचं पाणी: लिम्फोसाइट, वाढलेलं प्रोटीन, रक्ताच्या निम्म्याहून खाली गेलेली साखर. एक्सपर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं कधीही म्हणायचं नाही. आणि एक क्वचित दिसणारी गोष्ट: स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाच्या पाण्यात ग्राम-निगेटिव्ह जिवाणू निघाले आणि कारण सापडेना, तर शौचात स्ट्रॉन्जिलॉइड्सचे जंत शोधा. जंत आतड्यातून बाहेर पडताना जिवाणू सोबत घेऊन जातात.

रिपोर्ट येईपर्यंत काय सुरू करायचं

जिवाणूंचा संशय असेल तर स्कॅनसाठी अँटिबायोटिक थांबवू नका. ब्लड कल्चर घ्या आणि सेफ्ट्रिॲक्सोन, व्हँकोमायसिन द्या. या पेशंटला त्यात ॲम्पिसिलिन घालायचं, कारण सेफ्ट्रिॲक्सोन लिस्टेरियाला शिवत नाही. एन्सेफलायटिस वाटला तर असायक्लोव्हिर १० मिलिग्रॅम प्रति किलो दर ८ तासांनी, सोबत भरपूर सलाइन. सीडी-फोर कमी, अनेक कडी आणि टॉक्सोचा आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर टॉक्सोचे उपचार सुरू करून १४ दिवसांनी स्कॅन पुन्हा करा. आयजीजी निगेटिव्ह असेल तर टॉक्सोची शक्यता बरीच घटते. दोन आठवड्यांत गाठ हलली नाही तर बायोप्सीसाठी न्यूरोसर्जनला फोन. 'अजून एक महिना बघू' नको.

डेक्सामेथासोन हा सगळ्यात मोठा सापळा. डोकेदुखी, सूज, घाबरलेले नातेवाईक, म्हणून इंजेक्शन दिलं जातं आणि पेशंट सुधारतो. लिम्फोमा स्टेरॉइडने आकसतो, मग बायोप्सीत काही सापडत नाही, आणि महिन्याभराने गाठ परत येते. टॉक्सोवर स्टेरॉइड दिलं तर सुधारणा औषधाने झाली की स्टेरॉइडने हे कळत नाही. क्रिप्टोच्या मेनिंजायटिसमध्ये नुकसानच होतं. मेंदू खाली सरकतोय अशी खूण असेल तर द्यावंच लागतं. नसेल तर आधी नमुने, मग स्टेरॉइड. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये त्याला जागा आहे, पण ती जागा निदान झाल्यावरची.

फेनिटॉइनबद्दल: फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फिनोबार्बिटोन यकृतातली एन्झाइमं जागी करतात आणि टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर यांची पातळी पाडतात. फिट थांबते आणि किडनी नाकारली जाते. व्हॅलप्रोएटसोबत मेरोपेनेम दिलं तर व्हॅलप्रोएट रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून लेव्हेटिरासेटाम, क्रिएटिनिन बघून डोस.

एचआयव्ही आजच सापडला तर एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) आज रात्रीच सुरू करायची ओढ वाटते. क्रिप्टोच्या मेनिंजायटिसमध्ये ती ४ ते ६ आठवडे थांबवायची, टीबीच्या मेनिंजायटिसमध्येही साधारण ४ आठवडे. घाई केली तर परत आलेली प्रतिकारशक्ती मेंदूतच गदारोळ घालते. हीच गोष्ट उलटी: महिन्या-दोन महिन्यांपूर्वी एआरटी सुरू झालेल्याला नवी डोकेदुखी आली तर 'औषध सोसत नाही' म्हणून गोळ्या बंद करू नका, लपलेला टीबी-क्रिप्टो शोधा.

एक सापडलं म्हणून थांबायचं नाही

माथाड्याला क्रिप्टो निघाला, अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, डोकेदुखी उतरली. ताप उतरेना. पोटाच्या सोनोग्राफीत गाठी होत्या, त्यातला नमुना एक्सपर्टला पॉझिटिव्ह. सीडी-फोर ४१ असताना दोन आजार शेजारी राहणं मुळीच दुर्मिळ नाही. मग टीबीवरच्या रिफॅम्पिसिनमुळे बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलची पातळी किती घसरते, डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, हा हिशेब वेगळा मांडावा लागला.

त्याचा भाऊ रोज येऊन "नेमकं काय झालंय?" विचारायचा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ती माहिती पेशंटची आहे. "मेंदूला बुरशीचा संसर्ग झालाय" एवढंच मी सांगत राहिलो. पेशंट शुद्धीवर आल्यावर बायकोला त्याने स्वतः सांगितलं, मी शेजारी बसलो होतो. शंका विचारायला त्यांना १०९७ हा हेल्पलाइन नंबर दिला.

पुढे पाठवताना चिठ्ठी

ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, किंवा न्यूरोसर्जन लागणार असेल तर सायन-केईएम. कुठेही पाठवा, पण न्यूरोसर्जन, व्हेंटिलेटर आणि एमआरआय यांतलं काय लागणार आहे ते ठरवून आणि आधी फोन करून. रात्री तीन ठिकाणी फिरवलेल्या पेशंटची तिसरी फिट रस्त्यात येते.

'हेडेक, फिट, कृपया बघावे' या चिठ्ठीचा उपयोग नाही. डोकेदुखी कधीपासून, फिट किती वाजता आणि किती मिनिटं, प्रतिकारशक्ती कशामुळे कमी, चालू औषधांची नावं डोसासह, दिलेलं प्रत्येक इंजेक्शन वेळेसह, आणि स्टेरॉइड दिलं असेल तर ते ठळक अक्षरात. फिटच्या आधीचं वजन माहीत असेल तर तेही. खाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहा आणि रात्री फोन सायलेंटवर ठेवू नका; पहाटे चारला रेसिडेंटचा फोन येतो, आणि तो बहुतेकदा हेच विचारतो की पेशंट कुठली पुडी घेत होता.